उत्तरसूचीत नसलेली उत्तरं : एका तालुका स्पर्धेतल्या सात प्रश्नांचं प्रकरण

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दरवर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, म्हणजे 17 सप्टेंबरच्या आसपास, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सामान्यज्ञान स्पर्धा होते. शाळेमागे तिघांचा संघ, लेखी पेपर, पहिल्या नंबराला फिरती ढाल. त्या वर्षी पेपरात 'इंग्रजी शब्दांच्या गमती' हा नवा विभाग घातला होता. सात प्रश्न, प्रत्येकी पाच गुण. निकाल लागला आणि लगोलग तीन शाळांचे अर्ज आले. इतिहास, भूगोल, विज्ञान यांवर कुणाची तक्रार नव्हती. सगळे आक्षेप या सात प्रश्नांवरच होते.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने फेरतपासणीला बाहेरची दोन माणसं बोलावली. एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळा तालुका 'मॅडम' म्हणूनच ओळखतो. दुसरा मी, कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा.

उत्तरसूची कुठून आली हे ती हातात घेताच कळलं. 'इंग्रजीतला एकमेव शब्द', 'जगात असे दोनच शब्द' ही ठाम भाषा मोबाईलवर फिरणाऱ्या फॉरवर्डची असते. पेपर तपासले होते मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांनी. त्यांना सांगितलेलं एवढंच, की सूचीत आहे ते बरोबर, नाही ते चूक. त्यांनी ते इमानदारीने पाळलं होतं.

आम्ही आधी निकष ठरवायला बसलो. शब्द प्रमाण इंग्रजी शब्दकोशात सापडावा आणि विशेषनाम नसावं, असं मी सुचवलं. मॅडमनी दोन अडचणी दाखवल्या. पहिली, असा कुठलाच नियम प्रश्नपत्रिकेवर छापलेला नव्हता. दुसरी जास्त अवघड होती. क्यू नंतर यू न येणारा शब्द विचारला होता आणि त्याचं उत्तर खुद्द सूचीतच 'इराक' असं दिलेलं होतं. सूचीलाच विशेषनाम चालत असेल, तर मुलांना मनाई कोणत्या तोंडाने करायची? तो निकष तिथेच गळाला. पुढचे बरेच निर्णय या एका 'इराक'मुळे फिरले.

दोन प्रश्नांचा निकाल चटकन लागला. ए, ई, आय, ओ, यू ही पाच स्वराक्षरं याच क्रमाने येणारा शब्द कोणता, या प्रश्नाला सूचीत 'फसीशस', आणि पुढे कंसात 'एकमेव'. एका संघाने 'ॲब्स्टीमियस' लिहिलं होतं. खाण्यापिण्यात संयम ठेवणारा, असा त्याचा अर्थ. स्पेलिंग तपासलं, पाचही अक्षरं ओळीने हजर. रसायनशास्त्रातला 'आर्सेनियस' घेतला तर तिसराही होतो. म्हणजे एकमेव हा शब्दच खोटा. दुसरा प्रश्न सलग सर्वांत जास्त स्वराक्षरांचा. सूचीत 'क्यू', म्हणजे रांग: क्यू या अक्षरानंतर यू-ई-यू-ई अशी चार. एका मुलीने त्याच शब्दाचं 'क्यूइंग' करून लिहिलं, क्यू-यू-ई-यू-ई-आय-एन-जी. सलग पाच. मधला एक ई गाळून लिहिलेलं रूपही शब्दकोशात असतं, पण ई ठेवलेलं रूपही तितकंच प्रमाण. सूचीपेक्षा सरस उत्तर, आणि त्यावर लाल फुली. इथे चर्चेला जागाच नव्हती.

पाचही स्वराक्षरं असलेला कोणताही एक शब्द, या प्रश्नात मात्र कत्तल झाली होती. सूचीत फक्त 'एज्युकेशन'. मुलांनी काय काय लिहिलं होतं! गणिताच्या वहीतलं 'इक्वेशन'. 'डायलॉग'. 'कॉलिफ्लॉवर'. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या फलकावरून उचललेला 'न्यूमोनिया'. एका संघाने 'ऑटोमोबाईल' लिहिलं होतं. त्या गावच्या बसस्टँडपासून मोंढ्यापर्यंत चालत गेलं, तर हा शब्द पाट्यांवर किती वेळा दिसतो हे ज्याने ती पाटी रोज वाचली त्यालाच ठाऊक. हे सगळे शब्द बरोबर आहेत आणि सगळे कापले गेले होते.

यात एक गंमत मॅडमना फार आवडली. 'एज्युकेशन' आणि 'इक्वेशन' या दोन्हींत स्वराक्षरांचा क्रम अगदी सारखा आहे: ई, यू, ए, आय, ओ. 'रेप्युटेशन', 'रेग्युलेशन', 'स्पेक्युलेशन' यांतही तोच. हा योगायोग नाही. इंग्रजीत लॅटिनकडून आलेला 'एशन' हा शेपटीचा भाग ए, आय, ओ ही तीन अक्षरं एकदम देऊन जातो. पुढच्या भागात ई आणि यू आले की पाच भरले. 'फसीशस'चं मर्मही हेच. तिथे शेवट आय-ओ-यू-एस असा आहे, म्हणजे तीन अक्षरं आयती आणि तीही वर्णमालेच्या क्रमात. आधी ए आणि मग ई येणारा शब्द तेवढा शोधायचा. 'टेनेशस'मध्ये हीच दोन अक्षरं उलटी पडली, ई आधी आणि ए नंतर, म्हणून तो हुकला. असं शेपटीवरून शब्द शोधणं सहावीच्या पोराला सहज जमतं. फॉरवर्डमधला 'एकमेव शब्द' पाठ करून यातलं काहीच हाती लागत नाही.

याच प्रश्नात एक वेगळी भानगड निघाली. एका उत्तरात 'बिहेविअर' होतं, ब्रिटिश स्पेलिंगने, म्हणजे शेवटी ओ-यू-आर. आपल्या पाठ्यपुस्तकात ते तसंच असतं. तपासणाऱ्याने खात्रीसाठी मोबाईलवर टाइप केलं, खाली लाल रेघ आली, त्याने चूक दिली. फोनची भाषा अमेरिकन इंग्रजीवर होती. नोआ वेबस्टरने 1828 च्या आपल्या अमेरिकन शब्दकोशात असल्या शब्दांतला यू काढून टाकला आणि अमेरिकेत ती पद्धत रुळली. अटलांटिकपलीकडे उडवलेल्या यू पायी परभणी जिल्ह्यातल्या संघाचे पाच गुण गेले होते. ते परत दिले.

आता ते उत्तर, ज्यावर आम्ही दोघं सगळ्यात जास्त वेळ अडून बसलो. प्रश्न: एकच स्वराक्षर किमान चार वेळा आलेला आणि दुसरं एकही स्वराक्षर नसलेला शब्द. सूचीत 'ॲब्राकॅडॅब्रा', पाच ए. एका संघाने लिहिलं 'मराठवाडा'. रोमन लिपीत चार ए, दुसरं स्वराक्षर नाही. 'इराक' चालतो तर मराठवाडा का नाही? दिले गुण.

दुसऱ्या एका पेपरात होतं 'मोनोक्रोटोफॉस'. कापूस लावणाऱ्या घरात हे नाव माहीत नसेल असं होत नाही. कपाशीवर फवारलं जायचं ते कीटकनाशक. भाज्यांवर ते वापरायला 2005 मध्येच बंदी आली, इतकं जहाल. मुलाला विचारलं, हे कुठून सुचलं? तो म्हणाला, "सर, डब्यावर वाचलं. निसते ओच ओ हायेत की त्यात." अक्षरं मोजली. एकूण तेरा, त्यांत ओ पाच, दुसरं एकही स्वराक्षर नाही. 'ॲब्राकॅडॅब्रा' अकरा अक्षरांचा. म्हणजे लांबीतही मुलगा सूचीच्या पुढे गेला. मंडळाचे एक सदस्य म्हणाले, हे कंपनीचं नाव असेल. तसं नाही. कंपन्यांची नावं वेगळी असतात. हे त्या रसायनाचं सर्वमान्य तांत्रिक नाव, लेबलवर छापावंच लागणारं. मॅडमना गुण द्यायला हरकत नव्हती, फक्त फवारणीचे डबे मुलांच्या हाताशी का असतात हे त्यांनी त्याच्या गुरुजींना बाजूला घेऊन विचारलं. ते आमच्या कामात बसत नव्हतं, पण विचारलं ते बरंच झालं.

मघाच्या 'मराठवाडा'कडे जरा परत येतो. त्यातल्या पहिल्या ए चा उच्चार 'अ', उरलेल्या तिन्हींचा 'आ'. इंग्रजी वाचताना मात्र तोच ए 'केक'मध्ये वेगळा, 'कॅट'मध्ये वेगळा, 'कार'मध्ये आणखी वेगळा. बाराखडी घोकून आलेल्या मुलाला हे अन्यायाचं वाटतं आणि त्याचं चुकत नाही. इंग्रजीत स्वराक्षरं पाच, पण ब्रिटिश उच्चारात स्वरध्वनी मोजले तर वीसच्या घरात जातात. एकेकाळी इंग्रजांचा ए सुद्धा 'आ'च होता. 'नेम' हा शब्द ते 'नाम' आणि पुढे पुसटसा 'अ' असा म्हणत. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि स्पेलिंगं हळूहळू कागदावर गोठत गेली. त्याच सुमारास, साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात, बोलण्यातले दीर्घ स्वर जागा बदलत राहिले. जीभ पुढे गेली, अक्षरं मागे राहिली. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी आलं, पण ही साधी हकिकत शिक्षकांपर्यंतही फारशी पोचलेली दिसत नाही. मग 'स्पेलिंग असंच असतं, पाठ करा' एवढंच उरतं.

क्यूच्या प्रश्नात उर्दू माध्यमाच्या एका शाळेने सूचीला अक्षरशः लोळवलं. मागितला होता एक शब्द, त्यांनी अख्खी ओळ लिहिली: कव्वाली, किब्ला, निकाब, बुरका, तलाक, फकीर. सगळे क्यू वापरून लिहिलेले, एकातही क्यूमागे यू नाही, आणि मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत या शब्दांची ही रूपं सापडतात. तपासणाऱ्याने 'इराक' शोधला, दिसला नाही, शून्य दिलं. मूळ इंग्रजीत 'क्व' हा आवाज सी-डब्ल्यू ने लिहीत. राणीला जुन्या इंग्रजीत 'क्वेन' म्हणत आणि तो सी-डब्ल्यू नेच लिहीत. 1066 नंतर नॉर्मन लेखनिक आले आणि त्यांनी क्यू-यू ची जोडी बसवली. अरबी-फारसीतलं घशातून येणारं 'काफ' रोमनमध्ये उतरवताना मात्र नुसता क्यू वापरतात, म्हणून या शब्दांत यू नाही. मराठीत 'क' एकच, त्यामुळे आमच्या पोरांना फरक दिसायचं कारण नाही. उर्दूत काफ वेगळं आणि साधं 'क' वेगळं, म्हणून त्या मुलांना तो पहिलीपासून दिसतो. निजामाच्या राजवटीत इथलं शिक्षण आणि कारभार उर्दूत चालायचा. मराठवाड्यात तालुक्याच्या गावीही उर्दू शाळा दिसते ती त्यामुळे. खुलताबादच्या उरुसात रात्रभर कव्वाली ऐकणाऱ्या माणसाला हे उत्तर 'चूक' म्हणून दाखवून बघावं.

संख्यांचा प्रश्न असा होता: एकपासून इंग्रजी संख्या अक्षरी लिहीत गेलं, तर ए हे अक्षर पहिल्यांदा कोणत्या संख्येत येतं? सूचीत 'थाउजंड'. एका संघाचं उत्तर 'वन हंड्रेड अँड वन'. वाद 'अँड'चा. अमेरिकन पद्धतीत तो 'अँड' बहुधा गाळतात, मग ए थेट हजारात भेटतो. ब्रिटिश पद्धतीत तो लागतोच. संघाच्या शिक्षकांनी पुरावा म्हणून गणपतीच्या वर्गणीची 101 रुपयांची पावती आणली होती, अक्षरी रकमेत 'अँड' ठसठशीत. पुरावा तसा घरचाच, पण मुद्दा खरा. आपल्याकडे चेकवर, पावतीवर, आहेराच्या यादीवर अशीच अक्षरी रक्कम लिहायची सवय आहे. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली. (हा प्रश्न ई वर काढला असता तर जास्त मजा आली असती. इंग्रजीतल्या प्रत्येक विषम संख्येत ई असतोच, कारण ती वन, थ्री, फाइव्ह, सेव्हन, नाइन यांनी संपते किंवा अकरा ते एकोणीसमधल्या एखाद्या विषम संख्येच्या नावाने. सहावीचं पोरगं हे स्वतः सिद्ध करून दाखवील.)

राहिला सातवा प्रश्न. छापलेला मजकूर जसाच्या तसा: 'एकही स्वर नसलेला इंग्रजी शब्द लिहा.' सूचीत 'रिदम', स्पेलिंग आर-एच-वाय-टी-एच-एम.

या प्रश्नावर पाच प्रकारची उत्तरं आली. काहींनी सूचीतलंच लिहिलं. काहींनी 'स्काय', 'फ्लाय', 'जिप्सी' लिहिलं आणि शून्य घेतलं. एका मुलाने एस-एच-एच, म्हणजे 'श्श' लिहिलं, आणि तपासणाऱ्याला तो थट्टा करतोय असं वाटून त्याने फुलीला जोडून प्रश्नचिन्हही काढलं. जिल्हा परिषद शाळेतल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'असा शब्द नाही. रिदममध्ये वाय स्वराचे काम करतो.' दुसऱ्या एका पेपरात नुसतंच 'असा शब्द नाही' होतं, कारण काही नाही.

त्या मुलीला बोलावलं. लाजत होती, पण मुद्द्यावरून हलली नाही. "सर, वाय तिथं इ-च म्हणायलंय की. मग स्वर हायेच ना." मॅडमनी मला म्हटलं, आता तुम्हीच सांगा.

प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात ए-ई-आय-ओ-यू ही पाच अक्षरं होती आणि कागदावर त्याने 'स्वर' लिहिलं. मराठी मुलासाठी स्वर म्हणजे तोंडातून निघणारा आवाज. अ, आ, इ, ई. त्या अर्थाने पाहिलं तर 'रिदम'मध्ये एक नाही, दोन स्वर ऐकू येतात. पहिला वाय चा इ. दुसरा द आणि म यांच्यामधला अस्पष्ट अ, जो स्पेलिंगमध्ये कुठेच लिहिलेला नाही. देवनागरीत 'रिदम' लिहिताना आपण द पूर्ण लिहितो, त्याचा पाय मोडत नाही. म्हणजे आपली लिपी तो लपलेला स्वर उघडपणे नोंदवते. सूचीतलं उत्तर प्रश्नाच्या शब्दशः अर्थाने सपशेल चूक होतं.

वाय बद्दल मुलीचं म्हणणं इंग्रजी व्याकरणालाही मान्य आहे. 'यस'मध्ये तो व्यंजन, 'जिम'मध्ये स्वर. मराठी व्याकरण शिकलेल्याला हे नवं वाटायला नको. य हा आपल्याकडे अंतःस्थ, म्हणजे स्वर-व्यंजनांच्या सीमेवरचा. 'इति' आणि 'आदि' मिळून 'इत्यादी' होतं, तेव्हा इ चाच य होतो. सु आणि आगत यांचं 'स्वागत' होताना उ चा व होतो. वेल्श भाषेतून इंग्रजीत आलेला सी-डब्ल्यू-एम हा शब्द याच वाटेने जातो, तिथे डब्ल्यू 'ऊ' म्हणतो आणि उच्चार होतो 'कूम'. डोंगरातली खोलगट दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या 'वेस्टर्न कूम'ला हे नाव जॉर्ज मॅलरीने 1921 मध्ये दिलं. आठवीच्या पोरांना संधी आम्हीच शिकवतो, इंग्रजी वायही आम्हीच शिकवतो, आणि दोन्ही तासांची गाठ कुणी घालून देत नाही. या मुलीने ती आपली आपण घातली होती.

म्हणजे पूर्ण गुण? इथे माझं आणि मॅडमचं जमलं नाही. मी म्हणालो, 'असा शब्द नाही' हे विधान काटेकोर पाहिलं तर टिकत नाही, कारण त्या दुसऱ्या मुलाचा 'श्श'. तो शब्दकोशात आहे, आणि त्यात स्वराक्षर नाही, वाय नाही, उच्चारातही स्वर नाही. कुणाचं लक्ष वेधायला मारलेली हाक पी-एस-एस-टी, तीही तशीच. प्रश्नाचा कुठलाही अर्थ लावा, 'श्श' टिकतो. सगळ्या पेपरांतलं ते एकमेव निर्दोष उत्तर होतं आणि प्रश्नचिन्ह नेमकं त्यालाच मिळालं होतं. मॅडमचं म्हणणं असं, की मुलीने दिलेलं कारण सूचीतल्या उत्तराला खोडणारं आहे आणि ते बरोबर आहे. जी सूची स्वतः चुकलेली, तिच्या नावाने मुलीचे गुण कापता येणार नाहीत. मी थोडा वेळ ताणून धरलं, मग मान्य केलं. 'श्श'ला पाच, 'स्काय' आणि मंडळींना पाच, मुलीला पाच. नुसतं 'असा शब्द नाही' लिहिणाऱ्याला दोन. या दोनवर मी आजही समाधानी नाही. विनाकारण नकार हे उत्तर नव्हे, शून्य द्यायला हवं होतं. पण अहवालावर दोघांच्या सह्या लागत होत्या.

बेरीज नव्याने केली तेव्हा पहिला नंबर बदलला. उर्दू शाळेचा संघ आणि त्या मुलीचा संघ समान गुणांवर आले आणि आधीचा विजेता तिसरा गेला. मंडळाची पंचाईत झाली, कारण ढाल देऊन झाली होती, फोटो लागले होते. अध्यक्षांनी विचारलं, निकाल न बदलता नुसती प्रमाणपत्रं दिली तर? मॅडमनी अहवालाच्या कागदावर बोट ठेवलं, बोलल्या काहीच नाहीत. शेवटी ढाल दोन शाळांकडे सहा-सहा महिने ठेवायचं ठरलं, आणि आधीच्या विजेत्यांच्या हातचं प्रमाणपत्र काढून घ्यायचं नाही असंही. गुणवत्तेच्या दृष्टीने हे अर्धवट आहे, पण सातवीच्या पोरांकडून भर चौकात कागद परत मागणं याला कुणीच तयार नव्हतं.

पुढच्या पेपरासाठी आम्ही लेखी कळवलं ते एवढंच. 'स्वर' आणि 'स्वराक्षर' यांतलं जे विचारायचं असेल ते छापावं, वाय धरायचा की नाही हे सांगावं, विशेषनामं चालतील का ते सांगावं, आणि प्रत्येक सूचीखाली 'किंवा निकषात बसणारं कोणतंही उत्तर' ही ओळ असावी. तपासणीच्या टेबलावर एक जाडजूड शब्दकोश आणि तो उघडणारा एक शिक्षक ठेवावा. सोबत मी एक प्रश्नही सुचवला होता: स्वराक्षरं उलट्या क्रमाने, यू पासून ए पर्यंत, असलेला शब्द. उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे, 'सबकॉन्टिनेंटल', म्हणजे उपखंडीय. मंडळाने बाकी सूचना घेतल्या. प्रश्न मात्र अवघड म्हणून गाळला.